नायोबीची शिक्षा आणि अट्रियसच्या घराण्याचा शाप

ग्रीक पुराणकथेत एखादे कुटुंब उद्ध्वस्त झाले की आपण त्याला सरसकट ‘देवांचा कोप’ म्हणून मोकळे होतो. त्यात देवाने स्वतः केलेली शिक्षा आणि पिढ्यान्‌पिढ्या चालणारा घराण्याचा शाप असे दोन वेगळे प्रकार आहेत. टँटलस राजाच्या संततीत हे दोन्ही सापडतात. नायोबी ही त्याची मुलगी आणि पेलॉप्स हा मुलगा असल्यामुळे गल्लत अधिकच वाढते.

नायोबी ही थीब्जच्या अँफियन राजाची राणी. लेटो देवीला अपोलो आणि आर्टेमिस ही दोनच अपत्ये, मला मात्र घरभर मुले, अशी बढाई तिने मारली. ग्रीक कवी होमर तिच्या मुलांची संख्या 12 सांगतो, तर रोमन कवी ओव्हिड 14. अपोलोने सगळे मुलगे आणि आर्टेमिसने सगळ्या मुली बाणांनी मारल्या. मुलांचा स्वतःचा दोष काहीच नव्हता आणि नेमक्या याच ठिकाणी वाचकाला शापाचा भास होतो; परंतु कथेच्या हिशेबी दंड मुलांना नव्हे, आईला झाला आहे, कारण तिला ज्याचा गर्व होता तेच देवांनी हिरावून घेतले. होमरच्या ‘इलियड’ या महाकाव्याच्या शेवटच्या सर्गात ग्रीक योद्धा अकिलीस ही कथा ट्रॉयच्या प्रायमला सांगतो, तीही पुत्रशोकात बुडालेल्या त्या म्हाताऱ्या राजाने चार घास खावेत म्हणून : रडून थकल्यावर नायोबीलाही अन्नाची आठवण झालीच. पुढे सिपिलस डोंगरावर तिची शिळा झाली. अपराध, अपराधी आणि दंड देणारे देव या कथेत स्पष्ट दिसतात, आणि त्या शिळेपाशी हिशेब मिटतो.

पेलॉप्सच्या शाखेत हिशेब मिटतच नाही. राजकन्या हिप्पोडेमियाला रथांच्या शर्यतीत जिंकण्यासाठी त्याने तिच्या बापाचा सारथी मर्टिलस याला फितवले, शर्यतीत बापाचा रथ मोडवला आणि काम झाल्यावर त्याच मर्टिलसला समुद्रात ढकलून दिले. बुडताना मर्टिलसने पेलॉप्सच्या वंशाला शाप दिला. त्यानंतर देव क्वचितच हात उचलतात. नातलगच एकमेकांचा घात करतात. पेलॉप्सचा मुलगा अट्रियस आपल्या भावाला, थायेस्टीसला, त्याच्याच मुलांचे मांस वाढतो. अट्रियसचा मुलगा अगामेम्नॉन पोटच्या इफिजिनियाचा बळी देतो. त्याची पत्नी क्लायटेम्नेस्ट्रा त्याला मारते आणि मुलगा ओरेस्टीस आईला. आपल्या पुराणांत शापापाठोपाठ बहुधा उःशाप येतो. तशी सोय येथे नाही.

सर्वांत अवघड प्रसंग ऑलिसच्या बंदरातला आहे. ट्रॉयच्या युद्धाला निघालेले अगामेम्नॉनचे आरमार वाऱ्याअभावी अडकते आणि आर्टेमिस इफिजिनियाचा बळी मागते, असे कॅल्कस हा भविष्यवेत्ता सांगतो. देवीची मागणी असल्यामुळे हीसुद्धा शिक्षाच वाटते. ग्रीक नाटककार एस्किलसच्या नाटकात मात्र अगामेम्नॉन आधी घुटमळतो, दोन्ही वाटा दुःखाच्याच असल्याचे म्हणतो आणि मगच मुलीला वेदीवर नेतो. शापाचे काम माझ्या मते असेच चालते : तो माणसाला आपोआप खुनी बनवत नाही, तर प्रत्येक पिढीपुढे एक भयंकर निवड आणून ठेवतो, आणि निवडणारा स्वतःच्या पापाचा धनी होतो. नायोबीच्या मुलांना असे काही निवडण्याची संधीच मिळाली नव्हती.

म्हणूनच दोन्हींचा शेवटही वेगळ्या ठिकाणी होतो. नायोबीच्या बाबतीत फिर्यादी, न्यायाधीश आणि मारेकरी एकच असल्यामुळे दाद मागायला जागा उरत नाही. ओरेस्टीसच्या मागे मात्र सूड घेणाऱ्या एरिनीज देवता लागतात, आणि इ.स.पू. 458 मध्ये रंगमंचावर आलेल्या एस्किलसच्या नाट्यत्रयीत अथीना त्याचा खटला अथेन्समधील अरिओपॅगस टेकडीवर नागरिकांच्या पंचांपुढे चालवते. मते समसमान पडतात, तो सुटतो, आणि चिडलेल्या एरिनीजची समजूत काढून अथीना त्यांना अथेन्समध्येच पूजेचे स्थान देते.