महासभा आणि गॅलरीतला नागरिक (ठाणे, नवी मुंबई)

महासभा म्हणजे महापालिकेच्या सगळ्या नगरसेवकांची सभा. कागदावर तिचं नाव सर्वसाधारण सभा, पण ठाण्यात बोलताना सगळे महासभाच म्हणतात. ठाण्याची पाचपाखाडीच्या मुख्यालयात भरते, नवी मुंबईची बेलापूरच्या. ठाणे महापालिका १ ऑक्टोबर १९८२ ला झाली, नवी मुंबई १ जानेवारी १९९२ ला, आणि दोन्हीकडे कायदा एकच, महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम १९४९. ठाण्यात १३१ नगरसेवक निवडून येतात, नवी मुंबईत १११.

ही सभा लोकांसाठी खुली असते. गॅलरीत जाऊन बसणं म्हणजे कोणाची मेहरबानी नाही, तसं कायद्याच्या अनुसूचीतच लिहिलंय. हजर नगरसेवकांनी बहुमताने ठरवलं की अमुक चर्चा खाजगीत घ्यायची, तरच लोकांना बाहेर ठेवता येतं. प्रत्यक्षात गेटवर नाव लिहा, कोणाकडे काम आहे सांगा, पास आणा असं सगळं होतं आणि निम्मे लोक तिथूनच परत फिरतात, पण शांतपणे "महासभा ऐकायला आलोय" असं सांगितलं तर सहसा सोडतात.

बोलायचा हक्क मात्र नाही. अमेरिकेतल्या बऱ्याच शहरांत माइकपाशी जाऊन दोन-तीन मिनिटं बोलता येतं, तशी सोय आपल्या कायद्यात नाहीये. सभागृहात बोलणार नगरसेवक आणि आयुक्त. त्यातही आयुक्तांना चर्चेत भाग घेता येतो पण मत देता येत नाही आणि प्रस्तावही मांडता येत नाही, स्वीकृत म्हणजे निवडून न येता नेमलेल्या नगरसेवकालाही मताचा अधिकार नसतो. गॅलरीतून कोणी कामात अडथळा आणला तर महापौर त्याला बाहेर काढायला सांगू शकतात.

एकदा गॅलरीत माझ्या शेजारी एक काका होते, मांडीवर प्लास्टिकची फाइल, आत नाल्याचे फोटो. खाली अधिकारी म्हणाले की त्या भागातली नालेसफाई पूर्ण झाली, आणि काका उभे राहून ओरडले, "साहेब, कालचा फोटो आहे माझ्याकडे!" लगेच सुरक्षारक्षक आला, दंडाला धरून त्यांना बाहेर नेलं. माणूस खरं बोलत होता पण त्याचं वाक्य कुठेच नोंदलं गेलं नाही. चहाच्या सुट्टीत त्यांनी तेच एका चिठ्ठीवर लिहून, फोटो जोडून आपल्या प्रभागाच्या नगरसेविकेला दिलं, नंतर त्या ताई उठल्या आणि त्यांनी ते वाचून दाखवल्यावर अधिकाऱ्यांना उत्तर द्यावं लागलं. माझ्या मते महासभेतला लोकसहभाग म्हणजे नेमकं हेच, आवाज नगरसेवकाचा लागतो पण कागद आपला असू शकतो.

म्हणून खरं काम सभेच्या आधीचं. सभेची नोटीस साधारण सात दिवस आधी निघते, सोबत विषयपत्रिका असते, ती मिळवायची, आपल्या भागाचा विषय शोधायचा आणि नगरसेवकाला गाठायचं. तो आयुक्तांना लेखी प्रश्न विचारू शकतो, लक्षवेधी (तातडीच्या प्रश्नाकडे लक्ष वेधणारी सूचना) आणू शकतो, तहकुबी (सभा तहकूब करायचा प्रस्ताव) मांडू शकतो. ऐनवेळचे विषय, म्हणजे विषयपत्रिकेत नसताना आयत्या वेळी घेतलेले, हा मात्र जुना आजार आहे, शेवटच्या दहा मिनिटांत गोंधळ चालू असताना "मंजूर, मंजूर" होतं आणि गॅलरीत बसलेल्याला काय मंजूर झालं तेच कळत नाही.

शिस्तीचे नियम नगरसेवकांनाही आहेत, ते गॅलरीतल्यांपेक्षा कडक वाटतात. गैरवर्तन करणाऱ्याला महापौर त्या दिवसापुरतं बाहेर घालवू शकतात, पंधरा दिवसांत दुसऱ्यांदा तसंच झालं तर पंधरा दिवसांपर्यंत निलंबन. तरी महापौरांसमोर ठिय्या, राजदंड पळवणं, कागद भिरकावणं हे सगळं होत आलंय, आणि त्याचाच फोटो पेपरात येतो, पाण्याच्या प्रश्नाचा येत नाही.

महासभेबाहेरचे रस्ते जास्त कामाचे आहेत. प्रभाग समिती, म्हणजे शहराच्या एका भागातल्या प्रभागांची समिती, लहान असते, विषय गल्लीतले असतात, ठाण्यात नौपाड्यापासून दिव्यापर्यंत आणि नवी मुंबईत बेलापूरपासून दिघ्यापर्यंत त्या आहेत. या समित्या ७४ व्या घटनादुरुस्तीतून आल्या आणि त्यांच्यावर स्थानिक संस्थांचे लोकही नेमता येतात. झाड तोडायचं असेल तर खोडावर नोटीस लागते, तिच्यावर मुदतीत हरकत लिहून द्यायची. विकास आराखड्यावर हरकती-सूचना आणि सुनावणी असते, तिथे मात्र तुम्हाला स्वतः बोलता येतं. महिन्याच्या पहिल्या सोमवारी लोकशाही दिन, म्हणजे अधिकाऱ्यांनी लोकांच्या तक्रारी ऐकायचा दिवस, असतो, त्याचा अर्ज पंधरा दिवस आधी द्यावा लागतो. २००९ मध्ये कायद्यात क्षेत्रसभाही आली, मतदारांनी आपल्या भागात बसून कामं सुचवायची अशी कल्पना, फार चांगली होती, पण क्षेत्रसभा भरली असं सांगणारा माणूस मला अजून भेटलेला नाही.

मधली काही वर्षं तर महासभाच नव्हती. नवी मुंबईची मुदत मे २०२० मध्ये संपली, ठाण्याची मार्च २०२२ मध्ये, मग सरकारने नेमलेले प्रशासक आले आणि ठराव त्यांच्याच सहीने व्हायला लागले. नवीन निवडणुकीसाठी मतदान झालं ते थेट १५ जानेवारी २०२६ ला. एवढ्या काळात गटार तुंबलं तरी कोणाला पकडायचं ते कळत नव्हतं, आणि ज्या गॅलरीला आपण नावं ठेवायचो ती किती लागते ते तेव्हा कळलं.

सभा संपल्यावरही एक काम उरतं, इतिवृत्त बघायचं. सभेत काय ठरलं, कोण सूचक (ठराव मांडणारा), कोण अनुमोदक (त्याला पाठिंबा देणारा), हे त्यात असतं. ते सचिव विभागाकडे मागता येतं, नाही दिलं तर माहिती अधिकारात दहा रुपयांचा अर्ज टाकायचा. नालेवाल्या काकांनी तसं इतिवृत्त मागून घेतलंय, ताईंनी वाचलेली चिठ्ठी त्यात दोन ओळींत आलीये आणि त्या ओळींखाली त्यांनी पेनाने रेघ मारून ठेवलीये.