त्रास थांबला, मग गोळी का सुरू?

“रक्त जायचं थांबलं, पोट शांत आहे, मग आता ही गोळी कशाला?” अल्सरेटिव्ह कोलायटिसचे (मोठ्या आतड्याला सूज आणि व्रण येण्याच्या आजाराचे) औषध नेणारे कधी ना कधी आम्हाला हे विचारतातच. म्हणून हे पत्रक.

हा आजार दबतो, मुळातून जात नाही. लक्षणे गेली तरी मोठ्या आतड्याच्या अस्तरात थोडी सूज उरलेली असू शकते. मेसालामाइन, म्हणजे हीच गोळी, तिथेच काम करते. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात औषध टाळणाऱ्यांचा आजार उलटण्याचा धोका नियमित घेणाऱ्यांच्या पाचपटीहून अधिक दिसला. आणि टाळतात बहुधा बरे वाटू लागल्यावरच!

दिवसातून दोन-तीनदा घेणे जमत नसेल, तर डॉक्टरांना तसे सांगा. एकूण डोस तोच ठेवून तो एकाच वेळी घेतला तरी साधारण तितकाच उपयोग होतो.

गोळी मोडू नका, चघळू नका. तिचे आवरण आतड्यात खाली गेल्यावरच विरघळावे असे केलेले असते. शौचात कधी रिकामे टरफल दिसले तर घाबरू नका. अख्ख्या गोळ्या वारंवार पडत असतील तर मात्र डॉक्टरांना सांगा.

आजार गुदाशयापुरता असेल तर सपोझिटरी (गुदद्वारातून आत ठेवायची औषधाची वडी) पुरते, आतड्याच्या डाव्या बाजूपर्यंत असेल तर एनिमा (गुदद्वारातून आत सोडायचे पातळ औषध) लागतो. सपोझिटरी रात्री, शौचाला जाऊन आल्यावर ठेवा. चादरीवर डाग पडतो, जुनी चादर घाला. (हे कोणी आधी सांगत नाही.)

मेसालामाइन क्वचित मूत्रपिंडाला त्रास देते, म्हणून क्रिएटिनिनची (मूत्रपिंडाचे काम दाखवणारी रक्ताची) तपासणी ठरल्या वेळी करा. अझाथायोप्रिन (प्रतिकारशक्ती दाबणारे औषध) चालू असेल तर रक्तपेशींचीही. स्टेरॉइड भडका विझवायला असते, वर्षानुवर्षे घ्यायला नाही. मागची उरलेली पाकिटे पुन्हा उघडू नका. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारखी वेदनाशामके विचारल्याशिवाय नकोत.

आजाराला आठ वर्षे झाली की कर्करोगाच्या दृष्टीने कोलोनोस्कोपी (दुर्बिणीने मोठ्या आतड्याची तपासणी) करतात. पोट ठीक असले तरी.

पुन्हा रक्त दिसले, रात्री शौचासाठी उठावे लागले, तर डोस स्वतः वाढवू नका, डॉक्टरांना फोन करा. आणि आठवड्याच्या गोळ्या उरल्या की आम्हाला कळवा. शेवटची गोळी संपल्यावर औषध शोधण्यात दोन-चार दिवस जातात, आणि मग तो खाडा लांबत जातो.