रजोनिवृत्तीतील थंडीचे झटके

पाळी कायमची बंद होण्याच्या आगेमागे काही वर्षे अंगात एकाएकी भरणारी थंडी. कापरे भरते, अंगावर काटा येतो, हातपाय गार पडतात. ताप नसतो आणि झटका बहुधा काही मिनिटांत ओसरतो. गरम झळांप्रमाणेच याची गणना वाहिनीप्रेरक (रक्तवाहिन्यांच्या आकुंचन-प्रसरणाशी निगडित) लक्षणांत होते. पाळी सलग १२ महिने आली नाही म्हणजे रजोनिवृत्ती झाली असे धरतात. झटके त्याआधी, पाळी अनियमित असतानाच सुरू होऊ शकतात.

कारणमीमांसा : बहुतेक झटके गरम झळेच्या पाठोपाठ येतात. झळेत त्वचेतील रक्तवाहिन्या रुंदावतात, घाम सुटतो आणि शरीराचे आतील तापमान थोडे खाली येते. ते सावरण्यासाठी वाहिन्या आकसतात व स्नायू थरथरतात. झळ न येता नुसतीच थंडी भरते तेव्हा मात्र हे स्पष्टीकरण तोकडे पडते. संशोधक रॉबर्ट फ्रीडमन यांनी १९९० च्या दशकात केलेल्या मोजमापांनुसार घाम सुटण्याचे आणि कापरे भरण्याचे तापमान यांत झळा न येणाऱ्या स्त्रियांत सुमारे ०.४° से. अंतर असते, झळा येणाऱ्यांत ते जवळजवळ शून्य होते. तापमानातील किरकोळ चढउतारही मग एका टोकाला झळ, दुसऱ्या टोकाला थंडी आणू शकतो. हे अंतर का आक्रसते याविषयी मतभेद आहेत. फ्रीडमन यांनी मेंदूतील वाढत्या नॉरएपिनेफ्रिन या संदेशवाहक रसायनाकडे बोट दाखवले. संशोधक नेओमी रान्स यांना १९९० च्या सुमारास रजोनिवृत्त स्त्रियांच्या अधोथॅलॅमसात (मेंदूतील तापमान व संप्रेरके सांभाळणाऱ्या भागात) आकाराने वाढलेल्या तंत्रिका (चेतापेशी) आढळल्या. इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकाचा अंकुश सुटल्यावर अशा तंत्रिका न्यूरोकिनिन बी हे संदेशवाहक द्रव्य अधिक स्रवतात व जवळचे तापनियंत्रण केंद्र चेतवतात, असे पुढे मांडले गेले. पाळी चालू असलेल्या निरोगी स्त्रियांना हे द्रव्य शिरेतून दिल्यावर झळा आल्याने दुसऱ्या मताचे पारडे आज जड वाटते. पहिले मात्र सर्वस्वी बाद झालेले नाही.

उपाय : थंडी भरताच आधी घाम टिपून ओले कपडे बदलावेत, ओल्या कापडातून बाष्पीभवन चालूच राहते आणि कापरे लांबते. मग पातळ थर एकेक करून चढवावेत, पायांत मोजे घालावेत, कोमट पेय घ्यावे. जाड रजई, गरम पिशवी किंवा कढत पाण्याची आंघोळ टाळावी, कारण आतील तापमान चढले की पुढची झळ ओढवते. रात्री कोरडे कपडे उशाशी असावेत; पांघरूण एकच जाड घेण्याऐवजी दोन-तीन पातळ घ्यावीत.

औषधांत इस्ट्रोजेन सर्वांत प्रभावी. गर्भाशय असल्यास त्यासोबत प्रोजेस्टोजेन (गर्भाशयाच्या अस्तराचे रक्षण करणारे संप्रेरक) लागते. स्तनाचा कर्करोग किंवा रक्तात गुठळ्या होण्याचा पूर्वेतिहास असल्यास इस्ट्रोजेन सहसा देत नाहीत. पर्यायांत नैराश्यावरील पॅरॉक्सेटिन (स्तनाच्या कर्करोगावरील टॅमॉक्सिफेन चालू असल्यास टाळतात), अपस्मारावरील गाबापेंटिन आणि न्यूरोकिनिन-३ ग्राही (न्यूरोकिनिन बी ज्यांमार्फत काम करते ते पेशींवरील रेणू) रोखणारे फेझोलिनेटंट (अमेरिकेत मान्यता २०२३) ही औषधे येतात. फेझोलिनेटंट घेताना यकृताच्या तपासण्या कराव्या लागतात. चाचण्यांत मुख्यतः झळाच मोजल्या जात असल्याने थंडीवरील गुण बराचसा अनुमानाने सांगितला जातो.

विभेदक निदान : झटका चालू असताना व नंतर तासाभराने तापमापक लावावा. ३८° से. किंवा अधिक ताप आढळल्यास संसर्ग शोधावा. थंडी झटक्याने न येता दिवसभर टिकत असेल, तर अवटू (थायरॉइड) ग्रंथीची मंदता व रक्तक्षय यांसाठी टीएसएच (अवटू ग्रंथीला चालना देणारे संप्रेरक) आणि हीमोग्लोबिन तपासतात. मधुमेहाची औषधे घेणाऱ्या स्त्रीला कापऱ्यासोबत घाम व भूक जाणवल्यास रक्तशर्करा तत्काळ मोजावी.