फूड ॲडिटिव्ह आयात करताय? माल जहाजावर चढण्याआधी हे वाचा

सायट्रिक ॲसिडच्या पोत्यात नुसती पांढरी पूड असते, पण बंदरावर त्या पोत्याकडे दोन खाती दोन नजरांनी पाहतात. कस्टम विचारते, हे रसायन कोणते, त्याची किंमत किती आणि ड्यूटी कोणत्या दराने लावायची? अन्नसुरक्षा खाते विचारते, हे माणसाच्या पोटात जाणार आहे, मग ते मंजूर आहे का, पुरेसे शुद्ध आहे का आणि कशात घालणार? अडकलेला माल घेऊन आमच्याकडे येणाऱ्यांचे कागद आम्ही उलगडतो, तेव्हा बहुतेक वेळा मालात खोट नसते. या दोन खात्यांना कागदांनी दोन वेगळी उत्तरे दिलेली असतात. म्हणून खरे काम बंदरावरचे नव्हे, ऑर्डर देण्याआधीचे, असे आम्ही प्रत्येक ग्राहकाला सांगतो.

कोड कसा ठरतो

जागतिक सीमाशुल्क संघटनेची एचएस पद्धत, म्हणजे प्रत्येक मालाला आकडी कोड देण्याची पद्धत, १९८८ पासून लागू आहे. तिचे पहिले सहा अंक ती वापरणाऱ्या सगळ्या देशांत सारखे असतात, पुढचे अंक ज्याचे त्याचे. सायट्रिक ॲसिड २९१८.१४, एमएसजी (अजिनोमोटो) २९२२.४२, सोडियम बेंझोएट २९१६.३१, पेक्टिन १३०२.२०. एकच रसायन असेल तर कोड शोधायला फार वेळ लागत नाही. लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट वेगळीच आहे : या सहा अंकांना ग्रेड कळत नाही. टाक्या धुण्यासाठी आणलेले सायट्रिक ॲसिड आणि सरबतात घालायचे सायट्रिक ॲसिड यांचा सहा अंकी कोड एकच. त्यामुळे कोड बरोबर आहे म्हणून माल फूड ग्रेड ठरत नाही.

खरी डोकेदुखी मिश्रणांची. दोन-तीन गम (दाटपणा देणारे पदार्थ) आणि एखादा इमल्सिफायर (तेल-पाणी एकत्र धरून ठेवणारा पदार्थ) एकत्र करून पुरवठादार त्याला ‘स्टॅबिलायझर’ म्हणतो. त्यात दूध पावडर किंवा डेक्स्ट्रोजसारखा पोषणमूल्य असलेला घटक असेल, तर असे मिश्रण सहसा २१०६ खाली, म्हणजे खाद्य मिश्रणांत जाते. तसा घटक नसेल तर ते ३८२४ खाली, रासायनिक मिश्रणांत जाऊ शकते. सुगंधी द्रव्यांच्या मिश्रणांसाठी ३३०२.१० हा स्वतंत्र कोड आहे. कोड बदलला की ड्यूटी बदलू शकते आणि लागणाऱ्या परवानग्याही. यासाठी घटकांची टक्केवारी हवीच. ‘हे आमचे गुपित आहे’ असे पुरवठादार म्हणाला, तर गोपनीयतेचा करार करा किंवा ती माहिती त्याला थेट खात्याकडे पाठवता येईल का ते पाहा; पण टक्केवारी हाती नसताना ऑर्डर देऊ नका. शंका उरलीच तर कस्टमकडून आगाऊ निर्णय मागता येतो. व्यापार सुलभीकरणाचा जागतिक करार २०१७ मध्ये लागू झाला, त्यात वर्गीकरणावर असा निर्णय देण्याची तरतूद आहे. हा मार्ग फार थोडे लोक वापरतात, याचे आम्हाला वाईट वाटते.

किमतीबद्दल थोडक्यात : ड्यूटी सहसा प्रत्यक्ष व्यवहाराच्या किमतीवर बसते. अनेक देश तीत भाडे आणि विमा धरतात, काही धरत नाहीत. ‘फुकट नमुना’ म्हणून आलेल्या डब्यालाही किंमत दाखवावी लागते. इन्व्हॉइसवर शून्य लिहिले तर चौकशी ओढवून घ्याल.

मंजुरी म्हणजे नेमके काय

कोडेक्स म्हणजे अन्नाची आंतरराष्ट्रीय मानके. त्यांच्या यादीत प्रत्येक ॲडिटिव्हला आयएनएस क्रमांक, म्हणजे ओळखीचा आंतरराष्ट्रीय क्रमांक, असतो. सायट्रिक ॲसिड ३३०, सोडियम बेंझोएट २११, एमएसजी ६२१. इन्व्हॉइसवर व्यापारी नावाबरोबर हा क्रमांक लिहून घ्या, निम्मे गैरसमज तिथेच मिटतात. मात्र ‘यादीत नाव आहे’ एवढ्याने भागत नाही. परवानगी बहुधा तीन गोष्टी मिळून असते : कोणते ॲडिटिव्ह, कोणत्या पदार्थात आणि किती प्रमाणात. तोच प्रिझर्व्हेटिव्ह एका पदार्थात चालतो, दुसऱ्यात चालत नाही.

शिवाय अखेरचा शब्द माल उतरणाऱ्या देशाचा असतो. टायटॅनियम डायऑक्साइडवर, म्हणजे आयएनएस १७१ वर, युरोपीय संघाने २०२२ मध्ये खाद्यपदार्थांत बंदी घातली. २०२३ मध्ये अन्न व कृषी संघटना (एफएओ) आणि जागतिक आरोग्य संघटना (डब्ल्यूएचओ) यांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने मात्र आपले आधीचे अनुकूल मत कायम ठेवले. एरिथ्रोसिन या लाल रंगाची, आयएनएस १२७ ची, खाद्यपदार्थांतली परवानगी अमेरिकेने जानेवारी २०२५ मध्ये मागे घेतली. गेल्या खेपेला माल सुटला होता, या भरवशावर राहू नका. दर ऑर्डरआधी यादी नव्याने पाहा.

विश्लेषण प्रमाणपत्र : इथे घाई करू नका

सर्टिफिकेट ऑफ ॲनालिसिस, म्हणजे सीओए, त्याच बॅचचे हवे. वेबसाइटवरचा नमुना सीओए चालत नाही. त्यात शुद्धता, शिसे-आर्सेनिकसारख्या जड धातूंचे आकडे, तपासणीची पद्धत आणि तारीख असावी. ‘मानकाशी सुसंगत’ एवढेच शब्द असतील तर परत पाठवा आणि प्रत्यक्ष आकडे मागा.

एका खेपेचा अनुभव आम्ही विसरू शकत नाही. पोत्यांवरचा बॅच क्रमांक आणि सीओएवरचा क्रमांक यांत एका अक्षराचा फरक होता. कारखान्यात टंकताना झालेली चूक. दुरुस्त कागद येईपर्यंत कंटेनर जागचा हलला नाही, डिमरेज, म्हणजे कंटेनर अडून राहिल्याचा दंड, चढत गेले आणि ग्राहकाचे उत्पादन बंद राहिले. तेव्हापासून माल भरण्याआधी पोत्यावरच्या लेबलचा फोटो मागवल्याशिवाय आम्ही पुढे जात नाही. लेबलवर ॲडिटिव्हचे नाव, ‘अन्नासाठी’ या अर्थाची नोंद, निव्वळ वजन, बॅच आणि उत्पादकाचा पत्ता हे सगळे दिसायला हवे. मिश्रण असेल तर घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने. माल उतरणाऱ्या देशाची भाषेची अट असेल तर तीही आत्ताच पाहून घ्या.

नजरेआड राहणाऱ्या दोन गोष्टी

सोडियम नायट्राइट (आयएनएस २५०) खाद्यपदार्थांत वापरले जाते, पण वाहतुकीत ते धोकादायक माल आहे : धोकादायक मालाच्या यादीतला त्याचा क्रमांक यूएन १५००, ते ऑक्सिडायझर (आग भडकवणारे) आणि विषारीसुद्धा. तशी घोषणा नसेल तर जहाज कंपनी माल घेणार नाही.

दुसरी गोष्ट लाकडी पॅलेटची. लाकडातून कीड पसरू नये यासाठीच्या आयएसपीएम १५ या आंतरराष्ट्रीय मानकानुसार लाकडाच्या गाभ्याला किमान ३० मिनिटे ५६ अंश सेल्सियस उष्णता द्यावी लागते, किंवा दुसरी मान्य प्रक्रिया करावी लागते, आणि त्याचा शिक्का पॅलेटवर हवा. आतला माल कितीही शुद्ध असला तरी शिक्का नसलेल्या पॅलेटमुळे खेप अडू शकते.

नमुना घेतला तर

नमुना घेणे म्हणजे संशय घेणे नव्हे, गोंधळून जाऊ नका. अहवाल येईपर्यंत माल विकू किंवा वापरू नका. ओलावा शोषणाऱ्या पुडीचे पोते उघडले गेले असेल, तर ते लगेच नीट बंद करून वेगळे ठेवा आणि तशी नोंद करा. थांबण्याचे दिवस धरूनच शेल्फ लाइफ मोजा. ती थोडीच उरली असेल तर माल पास होऊनही तुमच्या कामाचा राहणार नाही.

आमच्याशी बोलायचे असेल तर ऑर्डर पक्की करण्याआधी या : प्रोफॉर्मा (ऑर्डरआधीचे कच्चे) इन्व्हॉइस, घटकांची टक्केवारी, सीओएचा मसुदा, लेबलचा फोटो आणि माल कोणत्या पदार्थात वापरणार ते एका ओळीत. माल निघाल्यानंतर आलात तरी आम्ही मदत करूच, पण तेव्हा पुरवठादाराकडून कागद बदलून घेणे फार अवघड जाते.