जुन्या जिनिंगची जागा घेतली असल्यास मातीचे नमुने निघेपर्यंत जेसीबी लावू नये
(ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

आमच्याकडे मातीच्या तपासणीसाठी येणाऱ्या बहुतेक ग्राहकांनी बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंग-प्रेसिंगची, तेलगिरणीची, जुन्या पेट्रोल पंपाची किंवा खत-औषधांच्या गोदामाची जागा घेतलेली असते. ले-आउट पाडायचा की मंगल कार्यालय बांधायचे हे ठरलेले असते आणि बँकेने किंवा एखाद्या जाणत्या खरेदीदाराने मातीची तपासणी मागितलेली असते. आम्ही जागेवर पोहोचतो तेव्हा मात्र पुष्कळदा सपाटीकरण उरकलेले असते, वर मुरूम पसरलेला असतो आणि आवारातली जुनी विहीर पाडलेल्या भिंतींच्या मलब्याने बुजवलेली असते. हे पत्रक मुख्यतः या घाईबद्दल आहे.

कारखान्याच्या आवारातील दूषितपणा सगळीकडे सारखा नसतो. औषधांचे डबे ठेवण्याची खोली, सरकीवर गंधकाम्लाची प्रक्रिया होत असे तो ओटा, बॉयलरच्या राखेचा ढीग, डिझेलची टाकी पुरलेला कोपरा अशा मोजक्या जागी तो साठलेला असतो. त्या जागा आम्ही पायाच्या दगडांवरून, मातीच्या रंगावरून आणि तिथे काम केलेल्या जुन्या हमालांच्या सांगण्यावरून शोधतो. सपाटीकरणात या खुणा पुसल्या जातात आणि एका कोपऱ्यातील माती सगळ्या आवारात मिसळते.

यवतमाळ जिल्ह्यातील एका आवारात औषधखोलीच्या मागे जेमतेम दोन खाटा मावतील एवढ्या पट्ट्यात गवत उगवत नव्हते आणि माती ओली केली की बीएचसी पावडरचा कुबट वास येत असे. या कीटकनाशकावर १९९७ पासून बंदी आहे, परंतु त्याचे अंश मातीत अनेक दशके टिकतात. पहिल्या पाहणीत मी तो पट्टा मालकांना दाखवला होता. तेव्हाच तेवढी माती उचलली असती तर दोन ट्रॉल्यांत काम भागले असते आणि ती नियमानुसार बुटीबोरीच्या अधिकृत घातक कचरा प्रकल्पाकडे पाठवता आली असती. पण नमुने काढायला आम्ही गेलो तोवर ती माती दोन एकरांवर पसरली होती, त्यामुळे संपूर्ण आवाराचे नमुने काढावे लागले आणि बांधकामाचा एक हंगाम वाया गेला. त्या मालकांना दोष देण्याचा हेतू नाही. माती हलवू नये हे कोणी आधी सांगितलेच नाही तर असेच घडते.

आपल्या काळ्या मातीचा स्वभावही लक्षात घ्यावा लागतो. उन्हाळ्यात तिला पडणाऱ्या खोल भेगांतून वर सांडलेले द्रव्य पहिल्या पावसाबरोबर खाली उतरते आणि माती फुगून भेगा मिटल्या की वरून काहीच दिसत नाही. त्यामुळे वर मुरूम टाकल्याने खालचा दोष जात नाही, फक्त झाकला जातो. विहीर म्हणजे तर भूजलाकडे जाणारी थेट वाट. तिच्यात जुने डबे आणि तेलकट माती लोटली की पुढे शेजाऱ्याच्या पाण्यावर डिझेलचा रंगीत तवंग येऊ शकतो.

“आमच्याकडे जमीन आरोग्य पत्रिका आहे, मग पुन्हा खर्च कशाला?” हा प्रश्न आम्हाला जवळजवळ प्रत्येक ग्राहक विचारतो. ती पत्रिका पिकासाठी आहे. तिच्यात सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब आणि नत्र, स्फुरद, पालाश, जस्त अशा अन्नद्रव्यांची मिळून बारा मोजमापे असतात. शिसे, डिझेल किंवा कीटकनाशकाचे अंश त्यात मोजले जात नाहीत. शिवाय शेतात आठ-दहा ठिकाणची माती एकत्र करून एक नमुना करणे योग्यच आहे, पण इथे तसे केले तर एका जागचा तीव्र दोष इतर चांगल्या मातीत विरून अहवाल खोटा दिलासा देतो. म्हणून आम्ही प्रत्येक जागेचा आणि खालच्या प्रत्येक थराचा नमुना वेगळा घेतो, कीटकनाशकासाठी गडद काचेची बरणी वापरतो आणि ती बर्फात ठेवून प्रयोगशाळेकडे नेतो. आमचे दर काहींना जास्त वाटतात त्याचे कारण हेच आहे. ग्राहकाने स्वतः पिशवीत भरून आणलेल्या मातीवर आम्ही अहवाल देत नाही, याबद्दल नाराजी पत्करूनही हा नियम आम्ही पाळतो.

कायद्याच्या बाजूनेही घाई महागात पडते. जुलै २०२५ मध्ये केंद्र सरकारने दूषित स्थळांच्या व्यवस्थापनाचे नियम अधिसूचित केले असून त्यांनुसार शुद्धीकरणाचा खर्च प्रदूषण करणाऱ्यावर येतो. दोष जुन्या व्यवसायाचा आहे हे दाखवणारा पुरावा म्हणजे जागच्या जागी असलेली माती, आणि ती पसरल्यावर तो दाखवणे फार कठीण होते.

तपासणीत दोष निघाला म्हणजे जागा वाया गेली, असे समजू नये. काँक्रीटच्या फरशीवरच्या गोदामाला जेवढी स्वच्छता पुरते, तेवढी मुलांच्या मैदानाला पुरत नाही. म्हणून वापर ठरवूनच उपाय ठरवावा, आणि पुष्कळदा आराखड्यात मैदान व गोदाम यांच्या जागा बदलल्यानेच मोठा खर्च वाचतो. सावनेर तालुक्यातील गुमगावच्या मँगनीज खाणीच्या ढिगाऱ्यांवर नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने झाडे उभी केली, ते काम आपल्याच भागातले आहे. आपल्या गावांतील जुन्या जिनिंग बहुधा स्टेशन आणि बाजाराजवळ, रस्ता-पाणी असलेल्या मोक्याच्या जागी पडून आहेत, तर नवे ले-आउट मात्र गावाबाहेरची कसदार शेती खात चालले आहेत. ओसाड आवारे पुन्हा वापरात आली तर मधला बाजार जागता राहील, अशी आमची मनापासून धारणा आहे.

पहिली पाहणी आम्ही विनामूल्य करतो. पाहणी होईपर्यंत आवारातील काहीही पाडू, जाळू किंवा हलवू नये, विहिरीवर जाळी टाकून ती उघडी ठेवावी आणि जुना चौकीदार किंवा हमाल गावात असेल तर त्यांना त्या दिवशी आवर्जून बोलवावे.