झिंक अॅनोड आणि अँटिफाउलिंग : प्रॉपेलरवरची दोन वेगळी कामे

मराठवाड्याला समुद्र नाही, पण इथली मुले मर्चंट नेव्हीत जातात, नौदलात जातात, मुंबईच्या बोटयार्डांत कामाला लागतात, आणि त्यांच्या तोंडी एक वाक्य हमखास येते : ‘शाफ्टला झिंक बसवले आहे, आता प्रॉपेलरला काही चिकटणार नाही.’ शाफ्ट म्हणजे प्रॉपेलर फिरवणारा दांडा, झिंक म्हणजे त्यावर बसवलेला जस्ताचा तुकडा, आणि समुद्री जीवांना प्रॉपेलरवर चिकटू न देणे म्हणजे अँटिफाउलिंग. हे वाक्य नुसते चुकीचे नाही, तर वस्तुस्थिती बहुतेक वेळा त्याच्या नेमकी उलट असते.

बोअरचे पाणी वापरणाऱ्या घरातला गिझर उघडला की दोन गोष्टी दिसतात : कॉइलवर चढलेला पांढरा क्षार आणि झिजून काडीसारखा झालेला मॅग्नेशियमचा दांडा. हा दांडा टाकीला गंजू देत नाही आणि क्षाराशी त्याला काही देणेघेणे नसते, हे आपल्याकडे सांगावे लागत नाही. शिडाच्या बोटीच्या शाफ्टवरचा झिंक अॅनोड म्हणजे हाच दांडा. ब्राँझचा प्रॉपेलर आणि स्टेनलेस स्टीलचा शाफ्ट खाऱ्या पाण्यात एकत्र आले की विद्युत-रासायनिक क्रिया सुरू होते. जस्त या दोघांपेक्षा अधिक सक्रिय असल्यामुळे ते स्वतः विरघळते आणि त्या दोघांना वाचवते. एवढा भाग बहुतेकांना पाठ असतो, म्हणून त्यावर अधिक लिहीत नाही.

घोळ होतो तो पुढे. तांब्यावर आणि तांब्याच्या मिश्रधातूंवर समुद्री जीव सहजासहजी का बसत नाहीत, याचे कारण धातूच्या गुळगुळीतपणात नसून त्याच्या हळूहळू विरघळण्यात आहे. पृष्ठभागावरून तांब्याचे आयन सतत पाण्यात सुटत राहतात, आणि जागा शोधत आलेल्या बार्नेकलच्या (बोटींना चिकटून बसणाऱ्या कवचधारी समुद्री जीवाच्या) अळीला ते विषारी ठरतात. म्हणजे ज्याला आपण धातूची झीज म्हणतो, तीच अगदी मंद गतीने चालू असते तेव्हा धातूची राखण करत असते. आता त्याच ब्राँझला जस्त जोडा. जस्ताचे काम ब्राँझचे विरघळणे थांबवणे हेच आहे आणि ते काम ते चोख करते. परंतु विरघळणे थांबले की आयन सुटणे थांबते, आणि आयन थांबले की बार्नेकलला अडवणारे काही उरत नाही. त्यामुळे प्रॉपेलर जितका चांगला सुरक्षित, तितका तो समुद्री जीवांसाठी मोकळा, असा हा विचित्र व्यवहार आहे. स्टेनलेस शाफ्टला तर असे कोणतेही विष मुळातच नसते, म्हणून त्यावर कवचे सर्वांत आधी दिसली तर आश्चर्य वाटायला नको.

हे ज्ञान नवीनही नाही. ब्रिटिश नौदलाने 1761 मध्ये ‘अलार्म’ या लाकडी जहाजाच्या तळाला तांब्याचा पत्रा ठोकून पाहिला होता आणि पुढे ती पद्धत रूढ झाली. तो पत्रा झिजतो म्हणून हम्फ्री डेव्ही यांनी 1824 मध्ये त्याला लोखंडाचे आणि जस्ताचे तुकडे जोडण्याचा उपाय सुचवला. उपाय रसायनशास्त्राच्या दृष्टीने अचूक ठरला आणि पत्र्याची झीज थांबली, पण त्याच पत्र्यावर शेवाळ आणि कवचे इतकी साचू लागली की जहाजे मंदावली आणि नौदलाने तो नाद सोडला. दोनशे वर्षांपूर्वी एका आरमाराने पदरचे पैसे खर्चून घेतलेला धडा आजही शाफ्टला झिंक आवळताना विसरला जातो, याचा मला मनापासून वैताग येतो.

यावर कोणी म्हणेल, मग झिंक काढूनच टाकू. कृपया तसे करू नये. ‘मँगनीज ब्राँझ’ या नावाने विकल्या जाणाऱ्या प्रॉपेलरमध्ये जस्ताचे प्रमाण मोठे असते. संरक्षण नसेल तर ते जस्तच निघून जाते, पाते गुलाबी-तांबूस पडते आणि ठिसूळ होते. कवचे खरवडता येतात, सडलेले पाते मात्र बदलावेच लागते.

चिकटणाऱ्या जीवांसाठी स्वतंत्र लेप हवा. बोटीच्या तळाला लावायचा कॉपर ऑक्साइडचा रंग प्रॉपेलरवर मारणे ही बचत नव्हे, कारण फिरत्या पात्यावर तो टिकत नाही आणि थोड्याच दिवसांत कडा उघड्या पडतात. माझी स्पष्ट पसंती सिलिकॉनच्या लेपाला आहे. त्यात विष नसते. पृष्ठभाग इतका निसरडा होतो की बसलेल्या जीवाची पकड कच्ची राहते आणि प्रॉपेलर फिरला की तो निसटतो. यातच त्याची मर्यादाही आली : महिनोन्‌महिने नांगरावर उभ्या असलेल्या बोटीला हा लेप फारसे वाचवू शकत नाही, आणि मुंबईच्या कोमट पाण्यात तर वाढ बाराही महिने चालू असते. पत्रीने खरवडला तर लेप संपलाच, म्हणून तो मऊ कापडानेच पुसावा. लेपापूर्वी धातू खरबरीत कागदाने घासून, तेलाचा अंश काढून, प्रायमर द्यावा लागतो. लेप सोलून निघाल्याच्या बहुतेक तक्रारींचे मूळ याच पायरीवरच्या घाईत असते.

लेप आणि अॅनोड एकमेकांच्या आड येतात ती जागा एकच. अॅनोडची कडी शाफ्टवर जिथे बसते, तिथला धातू लखलखीत उघडा हवा. लेप किंवा रंग मधे आला तर विद्युत संपर्क तुटतो आणि अॅनोड नुसता दागिना उरतो. अॅनोडवर रंग मारणाऱ्यांबद्दल तर बोलायलाच नको. हंगाम संपल्यावर बोट बाहेर काढली आणि झिंक नव्यासारखे कोरे निघाले, तर ‘माल चांगला मिळाला’ म्हणून खूश होणारे लोक असतात. वास्तविक ती संपर्क नसल्याची खूण आहे आणि तेवढ्या काळात झीज प्रॉपेलरची झालेली असू शकते. निम्मे झिजलेले झिंक बदलावे.

सेलड्राइव्हचा (इंजिनापासून तळातून खाली पाण्यात उतरून प्रॉपेलर फिरवणाऱ्या यंत्रणेचा) पाय अॅल्युमिनियमचा असतो, त्याला तांबेयुक्त रंग कधीही लावू नये. तो अॅल्युमिनियमच खातो. आणि पैठणच्या नाथसागरात बोट ठेवणाऱ्याने यातल्या निम्म्या मजकुराकडे दुर्लक्ष केले तरी चालेल, कारण गोड्या पाण्यात बार्नेकल होत नाहीत. तिथे अॅनोड मात्र जस्ताचा नव्हे, मॅग्नेशियमचा लावावा.