मान टाकलेला रेक्स बिगोनिया आणि मान टाकलेला कोलियस

गेल्या श्रावणात परभणीहून थोरल्या जाऊबाईंचा फोन आला. "अगं, दोन टाइम पाणी घालायले, तरी मान टाकून बसलंय बघ ते कोलियस." मागोमाग फोटो आला. कुंडीतली माती ओलीचिंब, खालच्या बशीत पाणी साचलेलं आणि रुपेरी-गुलाबी पानं कुंडीच्या काठावर लोळत पडलेली. प्रत्येक पानाची एक बाजू मोठी, एक लहान. तो कोलियस नव्हताच, रेक्स बिगोनिया होता. जाऊबाईंनी कोलियससाठी जे बरोबर असतं ते मनापासून केलं होतं, आणि त्यानंच झाड मरणाच्या दारात गेलं होतं.

ही गल्लत अनेक घरांत होते. नर्सरीत दोन्ही झाडं एकाच हिरव्या नेटखाली, एकाच मांडणीवर, सारख्याच छोट्या कुंड्यांत शेजारी शेजारी ठेवलेली असतात. दोन्ही घेतली जातात ती फुलांसाठी नव्हे, पानांच्या रंगासाठी. विचारलं तर "सावलीतलं शोचं झाड आहे" एवढंच सांगतात. घरी आल्यावर मात्र दोघांचे स्वभाव पार उलटे निघतात.

ओळखायला रंग बघू नका, खोड बघा. कोलियसचं खोड बोटांत धरून फिरवलं की चार कोन हाताला लागतात. पानं समोरासमोर जोडीनं येतात आणि वरची जोडी खालच्या जोडीला आडवी असते. शेंड्याला निळसर-जांभळ्या बारीक फुलांचा तुरा येतो. हे वर्णन ओळखीचं वाटलं असेल, कारण ते अंगणातल्या तुळशीचंच आहे. कोलियस तुळशीच्याच कुळातला, आणि भज्यांसाठी आपण कुंडीत लावतो तो पानओवा तर कोलियसचाच सख्खा भाऊ. मंजिरी खुडली की तुळस फुटते, तसाच शेंडा खुडला की कोलियस दाट होतो. ज्यांना तुळस सांभाळता येते, त्यांना कोलियस जवळजवळ येतोच.

रेक्सला असं उभं खोड नसतं. मातीला चिकटून आल्याच्या कांडीसारखं जाड, आडवं खोड सरपटत असतं आणि त्यातून एकेक पान आपला स्वतंत्र, लवदार, लांब देठ घेऊन वर येतं. पान तिरपं असतं, मधल्या शिरेच्या दोन बाजू कधीच सारख्या नसतात. ही खूण तर जवळजवळ संपूर्ण बिगोनिया घराण्याची. पावसाळ्यात सह्याद्रीच्या ओल्या कातळांवर गुलाबी फुलांचा इवलासा रानटी बिगोनिया उगवतो, त्याचंही पान असंच तिरपं.

रेक्स मूळचा आपल्याच देशातला, आसामकडचा. ईशान्य भारतापासून दक्षिण चीन आणि व्हिएतनामपर्यंतच्या दमट जंगलांत तो उंच झाडांच्या खाली, पालापाचोळ्यात वाढतो. १८५७ मध्ये त्याला शास्त्रीय नाव मिळालं आणि युरोपातल्या बागवानांनी त्याचे इतके संकर केले, की आज नर्सरीत मिळणारा जवळजवळ प्रत्येक रेक्स संकरितच असतो. गोगलगायीच्या शंखासारखं गोल वळलेलं पान असलेली 'एस्कार्गो' ही जात त्यांपैकीच. रेक्सच्या पानावरची चांदी हा रंग नाही. पानाच्या वरच्या सालीखाली हवेची बारीक पोकळी असते, तिच्यावरून उजेड परततो आणि पान रुपेरी दिसतं. मला रेक्सची भूल पडली ती या एका गोष्टीमुळे.

आता मान टाकण्याकडे येते, कारण सगळी मेख तिथंच आहे.

कोलियस भरपूर पाणी पितो आणि पातळ पानांमधून तेवढंच उडवतो. पाणी संपलं की तो लगेच मान टाकतो, अगदी नाट्यमय टाकतो. कुंडी उचलून बघावी तर हलकी लागते. पोटभर पाणी द्या, तासा-दोन तासांत तो ताठ उभा. त्यामुळे हाताला सवय लागते: पानं लोंबली, की तांब्या घ्यायचा.

रेक्समध्ये हीच खूण बहुतेक वेळा उलटा अर्थ सांगते. त्याची मुळं बारीक आणि वरच्यावर पसरलेली असतात, त्यांना पाण्याइतकीच हवा लागते. माती सतत भिजलेली राहिली, की मातीतली हवा संपते, मुळं गुदमरून कुजायला लागतात, आणि कुजलेलं मूळ पाणी ओढू शकत नाही. म्हणजे झाड पाण्यात उभं असून पान तहानलेलं. अशा वेळी आपण आणखी पाणी घालतो आणि कुज मुळांतून त्या जाड कांडीत शिरते. म्हणून रेक्सनं मान टाकली, की आधी कुंडी उचला. हलकी असेल आणि बोट पेरभर खुपसून माती कोरडी लागली, तर खुशाल पाणी द्या. जड असेल, तर पाणी पूर्ण थांबवा आणि देठ कांडीला जिथं जुळतो तिथं दाबून बघा. तो भाग मऊ, तपकिरी लागला, तर कुज चढली आहे. तिसराही एक प्रकार आहे, तो उन्हाळ्यातला: माती ठीक ओलसर, देठ घट्ट, तरी दुपारी पानं लोंबलेली. तिथं दोष हवेच्या कोरडेपणाचा असतो. कुंडी आतल्या खोलीत न्या आणि संध्याकाळपर्यंत वाट बघा. बहुतेक वेळा पानं आपोआप सावरतात.

पाणी घालायचं ते मातीवर, कडेकडेनं. पानांवर आणि कांडीवर ओतायचं नाही. बोअरच्या क्षाराच्या पाण्यानं रेक्सच्या पानांच्या कडा तपकिरी होऊन कुरकुरीत होतात, कोलियस ते पुष्कळ सोसतो. पावसाचं पाणी साठवता आलं तर उत्तम, एसीतून ठिबकणारं पाणीही चालतं. कूलरच्या टाकीतलं उरलेलं पाणी मात्र देऊ नका. पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहतात, त्यामुळे ते मूळ बोअरच्या पाण्यापेक्षाही खारट झालेलं असतं. आरओच्या बाजूच्या नळीतून वाया जाणाऱ्या पाण्याचंही तसंच.

मातीचं थोडक्यात सांगते. आपली काळी माती कापसाला, तुरीला सोनं आहे, कुंडीतल्या रेक्सला नाही. ओली झाली की फुगून घट्ट होते, वाळली की भेगाळते, आणि दोन्हीत ही नाजूक मुळं मरतात. निम्मं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), उरलेल्यात चाळलेलं पालापाचोळ्याचं खत, पर्लाइट (हलके, पांढरे खडे) किंवा विटांची बारीक खडी. कुंडी पसरट आणि उथळ. कोलियसला काळ्या मातीत वाळू आणि शेणखत मिसळलं तरी तो कुरकुर करत नाही.

मराठवाड्याचा मे महिना दोघांनाही जड जातो, पण वेगवेगळ्या कारणांनी. बाहेर पारा चाळिशीपार, हवा कोरडी ठणठणीत. कोलियसला सकाळचं कोवळं ऊन आणि दोन वेळ पाणी मिळालं, की तो पानं बारीक करतो, थोडा फिका पडतो, पण उन्हाळा काढतो. नाही निघाला तरी पावसाळ्याआधी एक फांदी तोडून ग्लासभर पाण्यात ठेवली, की आठ-दहा दिवसांत मुळं येतात. रेक्सला १८ ते २५ अंश आणि दमट हवा लागते. थेट ऊन तर सकाळचंही फार नको, पानावर लगेच करपलेले डाग पडतात.

मग इथं रेक्स लावूच नये का? लावावा, आणि त्यासाठी एक सोय आपल्याकडे घरोघरी आधीच आहे: कूलर. ज्या कोरड्या हवेनं रेक्स हैराण होतो, त्याच कोरड्या हवेमुळे आपल्याकडे कूलर इतका गार करतो. ओल्या जाळीतून आलेली हवा खोली थंडही करते आणि दमटही. मी एप्रिलपासून रेक्सच्या कुंड्या कूलरच्या खोलीत, उत्तरेच्या खिडकीपासून हातभर आत ठेवते. फक्त कूलरचा झोत पानांवर यायला नको, झोतानं कडा वाळतात. आणि पानांवर पाण्याचे फवारे मारायचा मोह आवरा. पान ओलं राहिलं आणि हवा खेळती नसली, की त्यावर बुरशीचे डाग पडतात.

घ्यायची वेळही महत्त्वाची. मार्चमध्ये नर्सरीत टवटवीत दिसणारा रेक्स घेऊ नका. बहुधा तो दमट शेडमध्ये वाढून गाडीनं आलेला असतो, आणि पुढचे तीन महिने तुमच्याकडे सगळ्यांत वाईट असतात. आषाढ-श्रावणात घ्या, हवा मऊ असते आणि थंडीआधी मुळं धरतात. परभणीत डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा १० अंशांच्या खाली जातो. तेव्हा रेक्स थबकतो, काही पानं गाळतो. तो मेला असं समजून पाणी वाढवू नका. उलट कमी करा, कांडी घट्ट असेल तर फेब्रुवारीत नवी पालवी येते. घेताना वरची पानं बाजूला करून कांडी बघा, देठांच्या बुडाशी काळपट ओलेपणा असेल तर कितीही सुंदर पान असलं तरी सोडून द्या.

काचेच्या बरणीतली बाग, म्हणजे टेरॅरियम करायचं म्हणून यांतलं कोणतं घ्यावं, हे आता मला बरेच जण विचारतात. कोलियस नको. तो महिन्याभरात झाकणाला भिडतो, खुडत राहिलं तरी लांबुडका होतो. रेक्सला बरणी मानवते, कारण बंद काचेत हवा दमट राहते. १८२९ च्या सुमारास लंडनच्या नॅथॅनियल वॉर्ड या डॉक्टरांना बंद बाटलीतल्या मातीत आपोआप उगवलेलं नेचं दिसलं, तिथून ही काचपेटीची कल्पना सुरू झाली. पण लंडनचा उन्हाळा वेगळा आणि आपला वेगळा. बरणी ओलावा देते, गारवा देत नाही. खोलीत ३८ अंश असतील तर बरणीतही तेवढेच, आणि तिच्यावर उन्हाची एक तिरीप जरी आली तरी आत पार भट्टी होते. माझी पहिली बरणी अशीच गेली. पूर्वेच्या खिडकीत, एप्रिलच्या एका सकाळी. दुपारी झाकण उघडलं तर पानं उकडलेल्या पालकासारखी झाली होती. फार हळहळ वाटली.

तेव्हापासून बरणी कधीच उन्हात नाही. ती कूलरच्या खोलीत, वर फूटभर अंतरावर एलईडीची ट्यूब, रोज दहा-बारा तास. बरणी रुंद तोंडाची हवी, हात आत गेला पाहिजे. माशांची जुनी टाकी असेल तर फारच छान. तळाशी खडे घालतात, पण बरणीला भोक नसल्यामुळे पाणी त्या खड्यांतच साचून राहतं, हे लक्षात ठेवा. म्हणून पाणी तांब्यानं नाही, चमच्यानं. सकाळी काचेवर हलकी वाफ दिसली आणि दुपारपर्यंत गेली, तर पाणी बरोबर आहे. दिवसभर काचेवरून ओघळ येत असतील, तर झाकण उघडून हवा लागू द्या. मी झाकण कधीच पूर्ण घट्ट लावत नाही. आपल्या उकाड्यात बोटभर फट राहिली तर बरं. जे पान काचेला टेकतं ते तिथूनच सडायला लागतं, ते वेळेवर काढावं.

त्यासाठी जातही लहान पानांची निवडा. 'एस्कार्गो' बरणीत घालणं म्हणजे म्हैस खुराड्यात कोंडणं. रेक्स म्हणून नाही, पण त्याच्याच घरातला छोट्या, ठिपकेदार पानांचा टायगर बिगोनिया मिळाला तर पहिल्या बरणीसाठी मी तोच सुचवीन. तो मूळचा मेक्सिकोकडचा, कांडीवाढीचाच, आणि रेक्सपेक्षा चिवट. घरात मांजर-कुत्रं असेल तर हे दोन्ही बिगोनिया आणि कोलियसही त्यांच्या तोंडाला लागणार नाहीत असे ठेवा, खाल्ले तर त्यांना त्रास होतो.

जाऊबाईंच्या झाडाचं काय झालं, ते सांगायचं राहिलं. फोनवरच त्यांच्याकडून झाड उपसून घेतलं. कांडी निम्मी मऊ पडली होती. घट्ट होता तेवढा तुकडा धारदार सुरीनं कापून कोरड्या कोकोपीटमध्ये ठेवला, पण तो जगला नाही. शाबूत होती ती दोन पानं. कोलियसचं नुसतं पान रोवून नवं झाड येत नाही, रेक्सचं येतं. पान उलटं करून जाड शिरा ठिकठिकाणी ब्लेडनं चिरायच्या, मग ते सुलटं करून ओलसर कोकोपीटवर सपाट ठेवायचं आणि चिरलेली जागा खाली टेकावी म्हणून वर दोन-चार खडे. हे सगळं मिठाईच्या पारदर्शक डब्यात, झाकण लावून, सावलीत. जाऊबाईंना मी एवढंच बजावलं होतं, की डब्यात पाणी घालायचं नाही, तुम्हाला कितीही वाटलं तरी.

दिवाळीला आम्ही परभणीला गेलो, तेव्हा त्यांनी फराळाच्या आधी डबा आणून दाखवला. चिरलेल्या प्रत्येक शिरेपाशी नखाएवढी, तिरपी, केसाळ पानं उभी होती. अकरा मोजली. "एकदाबी पाणी नाही घातलं," त्या म्हणाल्या. त्यातली चार मी घेऊन आले.